रस्त्याकडची भिंत

घरच्या गाडीसाठी बांधलेल्या खोलीला मराठीत अजून नीटसे नाव रुळलेले नाही. 'गॅरेज' म्हटले की आपल्याला दुरुस्तीची जागा आठवते, ग्रीसने काळवंडलेली फरशी आणि उघडी पडलेली इंजिने आठवतात. 'गाडीखाना' हा चांगला शब्द होता, पण तो घोडागाड्यांबरोबरच मागे पडला. बंगल्यांतून 'पोर्च' म्हणतात, सोसायट्यांतून 'पार्किंग', आणि आमच्या राजूरसारख्या गावात नुसतेच 'शेड'. आमच्या सासूबाईंनी मात्र हा प्रश्न स्वतःपुरता सोडवलेला आहे. ज्या जागेवर आमचे हे गॅरेज उभे राहिले तिथे पूर्वी गोठा होता, म्हणून त्या आजही "गाडी गोठ्यात लावली का?" असेच विचारतात. जागा तीच, दावण गेली आणि शटर आले, एवढाच काय तो फरक.

हे गॅरेज आम्ही एका उन्हाळ्यात बांधले. त्याच्या बाहेरच्या भिंतींना रंग देण्याचे काम मात्र पुढच्या डिसेंबरपर्यंत लांबले. सिमेंटचा नवा गिलावा अंगातून बरेच दिवस खार आणि ओल बाहेर टाकत असतो. घाई करून वर रंग चढवला तर त्याचे पोपडे निघतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की कोणता रंग द्यावा यावर घरात एकमत होईना. साधारण चारशे चौरस फुटांचे काम. पण त्या निमित्ताने आमच्या घरात जी चर्चा झाली, ती घराच्या आतल्या खोल्या रंगवताना कधीच झालेली नव्हती. आतला रंग हा घरातल्या माणसांचा प्रश्न असतो. बाहेरची भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी असते. ती घरमालकाला दिवसातून दोनदा दिसते, जाताना आणि येताना. गावाला ती दिवसभर दिसते. आमची भिंत तर भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची. पावसाळ्यातले पर्यटक, काजवे पाहायला येणारे शहरी लोक, आठवडे बाजाराला डोंगरातून उतरणारे आदिवासी बांधव, एसटी, दुधाच्या गाड्या, शाळेची मुले, अशी सगळी वर्दळ तिच्यासमोरून जाते. मराठी विषय शिकवणाऱ्या माझ्यासारखीला यातून एक प्रश्न दिसू लागला. जे वाक्य आपण स्वतः फारसे वाचणार नाही आणि इतर सारे वाचणार आहेत, ते लिहावे कसे?

पहिले उत्तर पावसाने दिले. राजूर अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. २०२४ पर्यंत हाच अहमदनगर जिल्हा. अवर्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे आमचे पश्चिमेकडचे टोक मात्र सह्याद्रीच्या कुशीत आहे. घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारोंनी मिलिमीटर कोसळतो, आणि तिथून पूर्वेकडे निघालेल्या माणसाला एकाच तालुक्यात भातखाचरापासून बाजरीपर्यंतचा प्रवास घडतो. राजूर या उतरणीवर मध्ये कुठेतरी आहे. चार महिने पश्चिमेची भिंत झोडपली जाते. आमच्या उघड्या गिलाव्यावर पहिल्याच श्रावणात हिरवट काळे डाग उमटले आणि भाद्रपदापर्यंत त्यांची साय झाली. निसर्गाने आपला रंग न विचारता देऊन टाकला होता. १९१० साली सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या दगडी धरणालाही कुणी रंग दिलेला नाही. शंभर पावसाळ्यांनी जो दिला तोच त्याचा रंग.

जुन्या लोकांनी या पावसाशी भांडण मांडलेच नाही. कारवीच्या काठ्यांचे कूड, वर शेणामातीचा लेप, आणि पावसाच्या बाजूला गवताचा नाहीतर पानांचा आडोसा. लेप वाहून गेला तर पुन्हा सारवायचा. ज्यांची घरे दगडविटांची होती ते चुना लावत. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरवला की उकळतो, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत पुन्हा चुनखडी होऊन बसतो. म्हणजे सफेदी हा एका अर्थाने भिंतीवर पातळसा दगड लावण्याचाच प्रकार. तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि दरवर्षी थोडाथोडा झिजतो. त्यामुळे सणाआधी घरातल्यांनीच कुंचा हातात घ्यायचा, ही रीत. पुढे सिमेंटचे रंग आले, 'स्नोसेम' हे एका मालाचे नाव साऱ्या जातीचे नाव होऊन बसले. आता ॲक्रिलिक इमल्शनचे दिवस आहेत. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा शुभ्रपणा असतो, शेवाळ आणि बुरशी रोखणारी द्रव्ये असतात, आणि डब्यावर वर्षांची हमी असते.

आमचा पेंटर या शास्त्रात मुरलेला माणूस. त्याने पहिल्याच भेटीत सांगितले, "मॅडम, लाल-पिवळे भडक शेड घेऊ नका. ऊन खातं त्यांना. गेरूचा लाल टिकतो, निळा टिकतो, राखाडी टिकतो." त्याचे म्हणणे रसायनशास्त्राला धरून होते. गेरू आणि पिवळी माती हे लोखंडाचे ऑक्साइड. ते मुळातच उन्हापावसात मुरलेले असतात. डब्यातले झगझगीत लाल-पिवळे बरेचदा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि ती कडक उन्हात लवकर विटतात. निळ्यासाठी वापरले जाणारे थॅलोसायनीन मात्र चिवट असते. गडद रंग उष्णता शोषतो, म्हणून पत्र्याच्या छपराखाली गडद भिंत नको, हेही त्याने सांगितले. टिकाऊपणाचा निकष लावला तर यादी आपोआप आखूड झाली. पण यादी आखूड झाल्यानेच भांडण सुरू झाले.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. दुकानदाराने दिलेल्या शेडकार्डावर शेकड्यांनी चौकोन होते, प्रत्येकाखाली एक इंग्रजी नाव आणि एक आकडा. नावे अशी की त्यावरून रंग ओळखता येऊ नये. कुठल्या परदेशी किनाऱ्यावरची सकाळ, कुठल्या द्राक्षमळ्यातली संध्याकाळ. आपली रंगनामे याच्या अगदी उलट वळणाची आहेत. डाळिंबी, आमसुली, जांभळा, पोपटी, मोरपंखी, अबोली, पारवा, शेंदरी, राखाडी. तपकिरीत चिमूटभर तपकीर असते आणि किरमिजीत तो रंग देणारा किडा. म्हणजे मराठी माणूस रंगाचे नाव घेतो तेव्हा तो एका वस्तूकडे बोट दाखवत असतो, आणि ती वस्तू ऐकणाऱ्याने पाहिलेली आहे हे गृहीत धरत असतो. सासूबाईंना शेडकार्ड दाखवले तेव्हा त्यांनी ते बाजूला सारले आणि म्हणाल्या, "पेढ्याच्या रंगाचा द्या म्हणावं." राजूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला याहून नेमके वर्णन करता आले नसते.

गोठ्यातही रंगांना नावे होती. आमच्या भागातली जनावरे डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे, आणि त्या पट्ट्यांच्या ठेवणीवरून पारा, बहाळा, मणेरा अशी त्यांची नावे. या जनावरांच्या कातडीला तेलकटपणा असतो आणि त्यामुळे ती मुसळधार पावसात तग धरतात, असे जाणकार सांगतात. राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात आजही लोक आधी अंगावरचा रंग पाहतात, मग दात. रंग ही तिथे हौस नसते, ती ओळख असते. त्याच जागेवर आता आमची मोटार उभी असते. ती पांढरी आहे, कारण पांढरी गाडी विकायला सोपी जाते असे आम्हाला सर्वांनी सांगितले होते.

गावाची ओळखही रंगानेच होत आली आहे. कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त या काळी-पांढरीचा सारा व्यवहार आलेला आहे. पिढ्यानपिढ्या भिंती बांधल्या जातात, पडतात, त्यांची माती होते, त्यावर पुन्हा भिंती उठतात. वस्तीच्या जागेची माती अशी पांढुरकी होत जाते. जुन्या ओसाड वस्त्यांच्या टेकाडांना आजही 'पांढरीचे टेकाड' म्हणतात. म्हणजे पांढरी या शब्दात कोसळलेल्या भिंती आहेत. पण हीच पांढरी सर्वांची नव्हती. तिला गावकूस होते आणि गावकुसाबाहेर माणसे होती. काळ्या-पांढऱ्याच्या या जोडीत बसवलेल्या गावात ज्यांना दोन्हींत हक्काची जागा नव्हती, त्यांनी पुढे आपला रंग निवडला. तो निळा. १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा रंग निळा होता, आणि त्यानंतर या रंगाला महाराष्ट्रात जो अर्थ आला तो कुठल्याही शेडकार्डाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आमच्या मुलीने शेडकार्डावर बोट ठेवले ते नेमके निळ्यावर. फार गडद नाही, फार फिका नाही. पावसाळा सरल्यावर आश्विनात आमच्याकडे आकाश निवळते, साधारण तसा. ती अकरावीत आहे. तिने हा रंग निवडला तो तिला आवडला म्हणून. पेंटरने मान डोलावली, "टिकेल." थोरल्या भाऊजींनी मात्र मान हलवली. "रंग चांगलाच आहे. पण रस्त्याच्या बाजूला नको. उगाच लोक विचारतील."

"काय विचारतील, काका?"

"अगं, विचारतील म्हणजे… समजतील."

या वाक्याला कर्म नव्हते. लोक काय समजतील, हे भाऊजींनी सांगितले नाही आणि आम्ही कुणी विचारलेही नाही. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला गाळलेल्या पदाची सवय असते. ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक आहे, अशी बोलणाऱ्याची खात्री असली की पद गाळता येते. तिथे बसलेल्या आम्हा चौघा मोठ्यांना ते ठाऊक होते. मुलीला नव्हते, म्हणून ती एकटीच प्रश्न विचारू शकली. आणि भाऊजी हे काही कडवे गृहस्थ नाहीत. त्यांनी बोटावर मोजून दाखवले: भगवा दिला तर एका पक्षाचे ठरू, हिरवा दिला तर एका धर्माचे, लाल दिला तर लोक म्हणणार किसान सभेचे (आमच्या अकोले तालुक्यातूनच २०२३ च्या एप्रिलमध्ये लोणीच्या दिशेने त्यांचा मोठा मोर्चा निघाला होता), पिवळा दिला तर भंडाऱ्याचा म्हणणार. "मग राहिलं काय? बदामी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. इंद्रधनुष्यातले बहुतेक पट्टे आपल्याकडे कुणा ना कुणाच्या नावावर चढलेले आहेत. म्हणूनच की काय, गावोगावच्या नोकरदारांची, मास्तरांची, पतपेढीवाल्यांची घरे पाहिली तर ती बदामी, मोतिया, साईच्या रंगाची दिसतात. हा पेढ्याचा रंग नव्हे. पेढ्याच्या रंगाला निदान चव असते. हा काहीच न बोलण्याचा रंग आहे. पण न बोलण्यालाही अर्थ असतो. सगळेच रंग टाळून बदामीवर आलेला माणूस वेगळा आणि निळ्यावर बोट ठेवल्यानंतर, केवळ लोक काही 'समजतील' म्हणून बदामीकडे वळलेला माणूस वेगळा. दोघांच्या भिंती सारख्याच दिसतील. दुसऱ्याने मात्र भिंतीवर एक वाक्य लिहिलेले असते: 'मी ते नव्हे.' ते वाक्य वाटेने जाणाऱ्याला दिसणार नाही. घरातल्या अकरावीतल्या मुलीला ते कायमचे दिसत राहील, कारण ते तिच्यासमोर लिहिले गेले.

मला हा मुद्दा टाळता येईना, याला माझा व्यवसायही कारणीभूत असावा. आम्ही वर्गात दलित कविता शिकवतो. त्यातल्या रंगांच्या प्रतिमा फळ्यावर मांडतो, त्यांचे सामाजिक संदर्भ उलगडतो, त्यावर दहा गुणांचे प्रश्न काढतो. पानावरचा निळा रंग आपल्याला समजतो, तो समजावूनही देता येतो. तो आपल्या भिंतीवर यावा की नाही, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. साहित्याने माणूस बदलतो असे आपण म्हणतो तेव्हा त्याची परीक्षा चर्चासत्रात होत नसावी. ती अशाच एखाद्या चारशे चौरस फुटांवर होत असावी.

घराच्या बाहेरच्या रंगावर गावाने किंवा सत्तेने हक्क सांगण्याचे प्रकार इतरत्रही घडले आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांविषयी लिहिणारे सांगतात की पोर्तुगीज अमदानीत शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, आणि म्हणून लोकांनी आपली घरे गेरू, पिवळी माती, नीळ अशा रंगांनी रंगवली. आज पर्यटक ज्या रंगीत गोव्याची छायाचित्रे काढतात, तो निदान या सांगण्याप्रमाणे एका मनाईतून जन्मलेला आहे. अमेरिकेतले उदाहरण आपल्या अभ्यासविषयाला अधिक जवळचे. 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) या पुस्तकाच्या लेखिका सँड्रा सिस्नेरोस यांनी १९९७ साली सॅन अँटोनियो शहरातले आपले घर जांभळे रंगवले. घर ऐतिहासिक वस्तीतले होते. शहराच्या मंडळाने आक्षेप घेतला की हा रंग त्या वस्तीच्या इतिहासात बसत नाही. सिस्नेरोस यांचे म्हणणे असे की प्रश्न कुणाच्या इतिहासाचा आहे. मेक्सिकन वंशाच्या माणसांची घरे कोणत्या रंगांची होती याची नोंदच कुणी ठेवलेली नाही. वाद गाजला. पुढे टेक्सासच्या उन्हाने तो जांभळा विटवत नेला, आणि विटलेला रंग मंडळाला चालण्यासारखा ठरला. नोंद ज्यांची ठेवली गेली त्यांचाच रंग 'मूळचा' ठरतो, हा त्या वादातला मुद्दा मला आमच्या काळी-पांढरीच्या जवळचा वाटतो.

तेव्हा आमच्या भिंतीच्या इतिहासाची नोंद कुणी ठेवली होती? ती सासूबाईंनी ठेवली होती. चर्चेच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत, कुणी न विचारताच त्या म्हणाल्या, "गोठ्याला तर नीळच असायची की. चुन्यात नीळ घालून मीच कुंचा मारायची. निळ्याला माश्या बसत नाहीत म्हणायचे. तेव्हा कुणी काही समजलं नाही."

चुन्याला नीळ घालण्याची ही चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. थोडी घातली तर चुन्याचा पिवळसरपणा जाऊन तो अधिक पांढरा दिसतो. जास्त घातली तर भिंत सरळ निळी होते. गंमत अशी की या नीळीचा झाडाच्या नीळीशी संबंध उरलेला नाही. झाडाची नीळ ही चंपारणच्या शेतकऱ्यांना नाडणारी, १९१७ च्या सत्याग्रहामुळे आपल्याला ठाऊक असलेली. धुण्याला आणि चुन्याला वापरतात ती पूड म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तिची कृती सापडली आणि एके काळी अफगाणिस्तानातल्या मौल्यवान दगडातून मिळणारा रंग पुडीत बांधून वाण्याच्या दुकानात येऊन बसला. तो चुन्याच्या दाहकतेत टिकतो, म्हणून गोठ्याच्या भिंतीपर्यंत पोचला. वस्तू बदलली तरी शब्द तोच राहिला. जिच्या भिंतीला कुणी 'समजत' नव्हते ती नीळ आणि जिला लोक 'समजतील' अशी भीती वाटते तो निळा, या दोन्ही एकच आहेत.

सासूबाईंच्या या साक्षीने आमच्या हाती एक सोयीची ढाल आली होती. कुणी विचारलेच तर सांगता आले असते की हा 'तो' निळा नव्हे, हा आमच्या गोठ्याचा निळा. भाऊजींना हे पटले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला मात्र ती ढाल नको वाटली. असे स्पष्टीकरण देणे म्हणजे बदामीवरचे तेच वाक्य निळ्यावर लिहिणे. मी एवढेच म्हटले की कुणी काही समजले तर समजू द्यावे, दुरुस्ती करायला जाऊ नये. त्या समजण्यात आपले काय जाते? माझ्या या म्हणण्यावर घरात टाळ्या पडल्या नाहीत. भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग व्यवहाराचे बोलले: "बरं. पण शटर राखाडी करा. आणि विचारलं तर पोरीच्या आवडीचा आहे म्हणा. ते तर खरंच आहे." ते खरेच होते. शटर राखाडी झाले.

बाहेरच्या रंगाविषयी मराठीत सर्वांत प्रसिद्ध शब्द चोखोबांचे आहेत. वाकड्या उसाचा रस वाकडा नसतो, तेव्हा वरच्या रूपाला भुलू नये, असा त्या अभंगाचा आशय आपण शाळेपासून शिकवत आलो. आपण तो बहुतेकदा रस बाजूला उभे राहून शिकवतो. बाहेरचे खोटे, आतले खरे, असा सुटसुटीत बोध काढतो. पण तो अभंग म्हणणारा माणूस कुठे उभा होता हे लक्षात घेतले तर बोध इतका सुटसुटीत राहत नाही. चोखोबांना देवळाच्या आत जागा नव्हती. बाहेरच्या बाजूवरून ज्याला आयुष्यभर जोखले गेले त्याने बाहेरच्या रंगाविषयी केलेले ते विधान आहे. त्यात उपदेशापेक्षा तक्रार अधिक आहे. आणि परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, तीच बांधताना. पंढरपूरला त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे तीही बाहेरच.

वरच्या रंगाला भुलू नये हे खरेच. पण वरचा रंग पाहून माणूस ओळखण्याची सवय जोवर गावात आहे, तोवर रंग ही क्षुल्लक बाब आहे असे म्हणण्याची चैन फक्त त्यांनाच परवडते ज्यांना कुणी रंगावरून जोखलेले नाही. आमच्यासारख्या घराने एक भिंत निळी केल्याने गावकूस पडत नाही, याची मला पुरती कल्पना आहे. ती भिंत रंगवण्यात काही शौर्य होते असेही नाही. झाले एवढेच, की एका घरात गाळलेले एक पद ऐकू आले आणि त्या पदाच्या भीतीने रंग बदलला गेला नाही.

डिसेंबरात दोन हात झाले. आधी तारेच्या ब्रशाने शेवाळ घासून काढले, भिंत धुऊन वाळवली, प्रायमरचा एक हात दिला, मग इमल्शनचे दोन. भिंत पूर्ण झाल्यावर दोन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा पाहत होते. एका सहकाऱ्याने जोधपूरची आठवण काढली. शेजारच्या काकूंनी डबा किती लिटरचा आणि केवढ्याला पडला हे विचारले. दूधवाल्याला तो दवाखान्याचा रंग वाटला. बाजाराला आलेल्या एका आजीने भिंतीला हात लावून पाहिला आणि हाताला रंग लागत नाही याचे नवल केले. चुन्याच्या भिंतीला टेकले की पाठ पांढरी होते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. ज्या प्रश्नाला भाऊजी भीत होते तो कुणीच विचारला नाही. पण कुणी काही समजलेच नसेल असे यावरून म्हणता येत नाही. वाचकाने मनात काय वाचले हे लेखकाला कळायचा मार्ग नसतो, आणि ते बरेच आहे.

काम संपल्यावर पेंटरने उरलेला रंग एका बाटलीत भरून दिला. मग तो गॅरेजमध्ये गेला आणि शटरच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात, पेन्सिलीने शेडचा आकडा आणि तारीख लिहिली. "चार-पाच पावसाळ्यांनी हात मारायला लागेल तेव्हा नंबर पाहिजे," तो म्हणाला. मी विचारले, त्या नंबराने रंग अगदी जुळेल का? त्याने भिंतीकडे पाहिले आणि हसून मान हलवली. "डब्यातला तोच राहील मॅडम. भिंतीवरचा तोवर बदललेला असेल. अर्धी भिंत रंगवता येणार नाही, पूर्णच करावी लागेल."